ज्युलिया मॉर्गन यांना युगप्रवर्तक म्हणावे का?

विषयप्रवर्तक : अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने 2014 साली अमेरिकन वास्तुविशारद ज्युलिया मॉर्गन (1872–1957) यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले, तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाविद्यालयात वास्तुकलेसाठी प्रवेश मिळवणारी आणि 1904 मध्ये कॅलिफोर्नियात वास्तुविशारदाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्रीही त्याच. त्यांच्या जिद्दीबद्दल मला नितांत आदर आहे, पण युगप्रवर्तक हा शब्द मला खटकतो. कॅलिफोर्नियातील सॅन सिमियन येथे वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांच्या प्रासादाचे त्यांनी 1919 पासून सुमारे अठ्ठावीस वर्षे काम केले, मालकाच्या मनात आले म्हणून एकच जलतरण तलाव तीनदा बांधला, आणि त्याच काळात युरोपात वास्तुकलेची नवी भाषा घडत असताना येथे स्पॅनिश मनोरे उभे राहत होते.

प्रतिसाद 1 : मी पूर्णपणे असहमत आहे. ऑकलंडच्या मिल्स कॉलेजमधला त्यांचा घंटामनोरा पाहावा. सुमारे 72 फूट उंच, वर कमानी आणि कौले, म्हणजे दिसायला जुन्या स्पॅनिश मिशनच्या, धर्मप्रसारकांच्या मठाच्या, वळणाचा. पण आत लोखंडी सळया घातलेले काँक्रीट, आणि तेही 1904 साली, जेव्हा त्या भागात या तंत्रावर फारसा कोणाचा भरवसा नव्हता. 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को कोसळले, जळाले. मनोरा जागचा हलला नाही. तिथल्या फेअरमाँट हॉटेलच्या पुनर्उभारणीचे काम त्यानंतरच त्यांच्याकडे आले.

विषयप्रवर्तक : मनोऱ्याचे श्रेय निर्विवाद आहे, परंतु ते त्यांच्यातील अभियंत्याचे आहे. बर्कलीच्या विद्यापीठात त्या स्थापत्य अभियांत्रिकीच शिकल्या होत्या.

प्रतिसाद 2 : ही फाळणीच मला मान्य नाही. भार कसा पेलायचा आणि रूप कसे द्यायचे, हे एकाच हाताने ठरते तेव्हाच वास्तू घडते. शिवाय आपण हर्स्ट यांच्या प्रासादापाशीच थांबलात. सातशेहून अधिक इमारतींच्या त्यांच्या कामात स्त्रियांच्या संस्थांसाठी बांधलेली वसतिगृहे आणि सभागृहे कितीतरी आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ॲसिलोमार या संमेलनस्थळाची लाकूड-दगडाची साधी दालने पाहून कोणीही त्यांना हौशी धनिकाच्या हाताखालची कारागीर म्हणणार नाही.

विषयप्रवर्तक : ॲसिलोमारचा विचार मी केला नव्हता, हे मान्य करतो. सॅन सिमियनबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.