बाबांना काहीच झालं नव्हतं, तरी कोविडची अँटिबॉडी 250 च्या वर?

दर्याकाठ_गुहागर:
मंडळी, जरा सांगा. बाबा साठीच्या पुढचे, दीड वर्षात साधी शिंक नाही, लॉकडाऊन उठल्यापासून रोज वेलदूरच्या जेटीवर लिलावाला हजर. जून 2021 च्या सुरुवातीला कोविशिल्डचा पहिला डोस झाला. आता शुगर तपासायला रत्नागिरीला नेलं (चिपळूणच्या नेहमीच्या लॅबची पुरात वाट लागली) तर तिथे पॅकेजात अँटिबॉडीची (व्हायरसविरुद्ध रक्तात बनणारी प्रोटीनं) टेस्ट पण लावलेली, रिपोर्ट आला 250 पेक्षा जास्त. झालं, आता म्हणतात मला नकळत कोविड होऊन गेला, दुसरा डोस कशाला, आणि मास्क खिशात. उलट वहिनीला गेल्या सप्टेंबरात ताप, वास गेलेला, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह, लस अजून नाही, आणि तिची मुंबईतल्या लॅबची अँटिबॉडी निगेटिव्ह! 10 सप्टेंबरला गणपती, घर भरणार. कोणाचा रिपोर्ट खरा?

मालवणी_खाजा:
आमच्या बापाशीचो पण तसोच इलो. फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकल्यान 😄

सूक्ष्मदर्शक:
दोन्ही खरे असू शकतात, कारण दोघांची टेस्ट बहुतेक वेगळी आहे. व्हायरसच्या बाहेरच्या काट्यांना स्पाइक म्हणतात, आतल्या प्रोटीनला न्यूक्लिओकॅप्सिड. कोविशिल्डने फक्त स्पाइकच्या अँटिबॉडी बनतात, म्हणून बाबांची टेस्ट स्पाइकची असेल तर ती लसीने पण पॉझिटिव्ह येणारच. एका डोसवर एवढा आकडा बघून आधी होऊन गेला असावा अशी शंका येते खरी, पण ते बघायचं तर न्यूक्लिओकॅप्सिडची टेस्ट लागते. (कोवॅक्सिन असती तर तिचाही उपयोग नाही, त्यात अख्खा मारलेला व्हायरस असतो, म्हणून न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटिबॉडी लसीनेही बनू शकतात.) वहिनींची बहुतेक न्यूक्लिओकॅप्सिडचीच असेल, काही किटमध्ये त्या अँटिबॉडीचा आकडा वर्षभरात उतरत जातो. रिपोर्टवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा. आणि लॅबलॅबचे आकडे एकमेकांशी लावू नका, एका किटमध्ये 0.8 ला पॉझिटिव्ह तर दुसऱ्यात 50 ला, युनिटच वेगळं.

लक्षणं नसताना होऊन जाणं यात नवल काहीच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सर्व्हेत 2020 च्या मे-जूनमध्ये 0.73 टक्के लोकांत अँटिबॉडी होत्या, यंदा, 2021 च्या जून-जुलैत 67.6 टक्के, आणि लसच न घेतलेल्यांतही 62 टक्क्यांच्या वर. एवढ्या सगळ्यांना काय ताप आला होता का?

खाडीपलीकडचा:
आयसीएमआरच्या सर्व्हेत महाराष्ट्रातले सहाच जिल्हे होते, बीड, परभणी, नांदेड, सांगली, नगर, जळगाव. कोकणातला एकही नाही, तेव्हा ते 67 टक्के आपल्या वाडीला चिकटवू नका.

सूक्ष्मदर्शक:
बरोबर. सर्व्हे गावागावाचा हिशोब द्यायला नव्हताच, साथ किती पसरली त्याचा अंदाज घ्यायला होता. एकट्याच्या रिपोर्टवरून "आता मला होणार नाही" हेही ठरत नाही, किती अँटिबॉडी म्हणजे पुरे तो आकडाच ठरलेला नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) मे 2021 मध्येच सांगितलंय की लसीनंतर आपण किती सुरक्षित ते बघायला ही टेस्ट वापरू नका. सध्याच्या (2021) नियमाप्रमाणे 84 दिवस झाले की दुसरा डोस घ्यायला लावा.

दर्याकाठ_गुहागर:
बघितलं, बाबांच्या रिपोर्टवर स्पाइकच आहे! वहिनीचा फोटो मागवलाय. बाबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले 250 च्या वर म्हणजे किती ते तरी विच्यार, 300 की 3000 😅

सूक्ष्मदर्शक:
मशीन तिथवरच मोजतं, पुढे सॅम्पल पातळ करून परत लावावं लागतं. त्याचे पैसे वेगळे पडतील म्हणून सांगा, गप्प बसतील.