मदत हवी आहे: १२४८ सीसी टर्बो डिझेल, एका बोअरला (सिलिंडरच्या भोकाला) स्लीव्ह (आत नवी नळी) की चारही रीबोअर (मोठे कापून)?

नमस्कार मंडळी. गाडी परभणी-जिंतूरकडची, फुफाट्यातली. २ लाख १० हजार किमी. ऑइल १,५०० किमीला एक लिटर, अॅव्हरेज २१ वरून १६.

चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब) २४, २५, १७, २४ बार. तिसऱ्यात ३ मिली ऑइल सोडल्यावर २२; ऑइलनं रिंगांची गळती बुजली, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही, रिंग-बोअरचा. (जास्त ऑइल टाकलं की आकडा फसवतो; पिस्टन वर असताना जागाच जेमतेम १९ सीसी उरते.)

हेड उतरवलंय. मूळ बोअर ६९.६ मिमी, तिसरा वरच्या रिंगेपाशी ६९.७१, खाली ६९.६२. त्याच्या इंजेक्टरचं नोझल टपकतंय, डिझेलनं भिंतीवरचं ऑइल धुऊन नेलं. बाकी तिन्ही ०.०५ नं घासलेत, ती धूळ. टर्बोच्या कॉम्प्रेसर पंख्याच्या कडा बोटाला बोथट लागतात, एअर फिल्टर आणि टर्बोमधला होज क्लॅम्पजवळ चिरलेला. तो आधी बदलतोय, नाहीतर सगळं काम पाण्यात.

लेथवाला म्हणतो, तिसऱ्याला ड्राय स्लीव्ह, बाकीच्यांना नुसत्या नव्या रिंगा. पण ०.०५ घासलेल्या बोअरमध्ये रिंगेचा गॅप (दोन टोकांमधली फट) ०.१६ मिमी वाढतो, शिवाय स्लीव्ह दाबताना शेजारचे बोअर वाकडे होण्याची भीती. मला चारही रीबोअर पटतं.

ओव्हरसाइज पिस्टन संच कुठे मिळेल? संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला टॉर्क प्लेट (हेडच्या जागी कसायची जाड प्लेट) कसून होनिंग (बोअरची शेवटची घासाई) कोण करतं? टर्बोची कार्ट्रिजच (पंखे, शाफ्ट, बेअरिंगचा आतला भाग) बदलावी का? शाफ्ट पुढे-मागे हलतोय. आणि ब्लॉक फेस केला तर गॅस्केटची जाडी पिस्टन किती वर येतो ते डायल गेजनं मोजूनच घेता ना?