शब्दचर्चा : आवरणे, आवरतं घेणे

मंडळी, रोज सकाळी सदाशिव पेठेतून आईचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "आवरलं का गं?" हिंजवडीला निघायच्या गडबडीत माझं उत्तर ठरलेलं, "कुठलं आवरतंय! अजून ढीग आहे." आवरणे म्हणजे सगळं संपवणे, असंच मी धरून चालले होते. पण अश्रू आवरतो, राग आवरतो, उधळलेला बैल आवरतो, तिथे काय संपतं?

— संपत काहीच नाही. मुळात संस्कृत 'आ + वृ', म्हणजे वेढणे, अडवणे, 'आवरण' त्यातलंच. पसारा आवरला की वस्तू नाहीशा होत नाहीत, जागच्या जागी जातात. हातावेगळं करायची घाई आहे ती 'उरकणे'त. म्हणून कुणी "लग्न उरकलं" म्हणालं की कानाला खटकतं. माझी आजी उतारवयात म्हणायची, "आता एवढं घर मला आवरत नाही." सुरात तक्रार नसायची. तिने माडीवरच्या खोल्यांना कुलूप घातलं आणि ओसरीवर मेथी निवडत बसू लागली.

— कोशकारांचंच बघा, त्यांनीही वेळीच आवरतं घेतलं. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग पुण्यात १९३२ ते १९३८ मध्ये निघाले. तरीही शब्द राहिलेच, त्यांची पुरवणी १९५० साली आली. सगळे शब्द गोळा होईपर्यंत थांबले असते, तर पहिला विभागही हाती आला नसता.

— सगळं संपवायच्या या हट्टाला हल्ली 'उत्पादकता' म्हणतात. हा शब्द शेताला, कारखान्याला शोभतो. माणसाच्या रविवारला तो लावलेला मला सोसत नाही.

मूळ प्रश्न माझा, म्हणून एक भर घालते. 'नमतं घेणे', 'पडतं घेणे', 'आवरतं घेणे' ही तिन्ही एकाच घडणीची. तिन्हींत माघार आहे, पण 'घेणे' असल्यामुळे ती आपण होऊन घेतलेली. नमतं किंवा पडतं घ्यायला समोर कुणीतरी लागतं. आवरतं मात्र एकट्यालाही घेता येतं. कीर्तनकार घड्याळाकडे बघून आख्यान आवरतं घेतात, तेव्हा कथा अजून पुष्कळ उरलेली असते; आरती मात्र वेळेवर होते.

'-तं घेणे' असा चौथा प्रयोग कुणाच्या बोलण्यात आहे का? सातारा-कोल्हापूरकडे असेल तर जरूर सांगा.