लाइव्हस्कोप नसेल तर लेकवर जाऊच नका?

फोर्क_२००३
मंगळवारी ल्यूरबॉक्स यांनी नवीन लोकांसाठी लिहिलं की डॅलसच्या आसपास बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायला सुरुवात करायची असेल तर पहिले पैसे लाइव्हस्कोपमध्ये घाला (बोटीसमोरचे मासे तिथल्या तिथे पडद्यावर दाखवणारा सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींवर चालणारं यंत्र), पडद्यावर मासा दिसला की त्याच्या तोंडासमोर काहीही सोडा, आणि 'कुठल्या महिन्यात कुठला ल्यूर (खोटं आमिष) हे जुन्या लोकांचं पुराण आहे'. दोन दिवस गप्प बसलो, पण खाली तिघा-चौघा नवीन मुलांनी 'थँक्यू दादा, ऑर्डर केला' असं लिहिलेलं बघितलं आणि राहवेना.

मी २००३ पासून टेक्ससमधल्या लेक फोर्कवर जातोय. पहिली सहा वर्षं बोट नव्हती, काठावरून आणि पुलाखालून गरवायचो. मग वापरलेली १७ फुटी अ‍ॅल्युमिनियमची घेतली, ती अजून आहे. फोर्क म्हणजे २७ हजार एकर पाणी, त्यात बुडालेली झाडं उभीच्या उभी. तुमचा पडदा बोटीच्या पुढचं शंभर फूट दाखवेल. पण बोट कुठल्या क्रीकमध्ये (लेकला मिळणाऱ्या ओढ्याच्या फाट्यात) न्यायची हे कोण सांगणार? ते पाण्याचं तापमान सांगतं, वारा सांगतो, कॅलेंडर सांगतं.

आत्ता फेब्रुवारी आहे, पाणी ५२-५४ डिग्री फॅरनहाइटला आहे. मासा हिवाळ्यातल्या खोल जागेवरून निघालाय पण काठाला आलेला नाही, क्रीकच्या तोंडाशी जिथे हायड्रिला (पाण्याखालचं गवत) संपतं आणि पाणी खोल होतं त्या कडेला थांबलाय. तिथे लाल रंगाचा लिपलेस क्रँकबेट (माशाच्या आकाराचा, थरथरणारा कडक ल्यूर) टाकायचा, गवतात अडकू द्यायचा आणि झटका मारून सोडवायचा. सुटताना तो जो उसळतो ना, तिथेच मार बसतो, दहातले आठ मासे त्या झटक्यालाच येतात. मार्चमध्ये उत्तरेकडच्या पॉकेट (काठात शिरलेल्या लहान खाचा) आधी तापतात कारण उत्तरेचा गार वारा तिथे लागत नाही आणि ऊन दिवसभर मिळतं. पाणी साठीच्या वर गेलं की मासा अंड्यावर येतो. एप्रिलच्या शेवटी शॅड (बास ज्यांना खातो ते लहान मासे) अंडी घालायला दगडांच्या बांधाला येतात, उजाडल्यापासून पाऊण तास पांढरा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा ल्यूर), नंतर सगळं थंड. जुलैत वीस-बावीस फुटांखाली ऑक्सिजन नसतो तर मासाही नसतो, मग चाळीस फुटांवर बोट लावून काय बघणार? याला पुराण म्हणायचं असेल तर म्हणा. हे मी बावीस वर्षांत वह्यांमध्ये लिहून ठेवलंय, तारीख, तापमान, वारा, ल्यूर सगळं.

ल्यूरबॉक्स
मी 'जुन्या लोकांचं' म्हटलं त्यात तुमचं नाव नव्हतं, तुम्ही ओढवून घेतलंत. आता माझी बाजू ऐका. मला दोन लहान मुलं आहेत, महिन्यातून एक शनिवार मिळतो आणि तोही दुपारी बारापर्यंत. बावीस वर्षं वह्या भरायला मी आणखी बावीस वर्षं थांबू का? लाइव्हस्कोप २०१८ मध्ये आला, मी २०२१ ला घेतला, आणि त्या एका वर्षात जे कळलं ते आधीच्या पाच वर्षांत कळलं नव्हतं. मासा ल्यूरच्या मागे दहा फूट येतो आणि वळून जातो, हे मी डोळ्यांनी बघितलं. ते बघून मी जिग (वजनदार डोक्याचा ल्यूर) हळू केला, हलका केला, मग घेतला त्याने. हे शिकणं नाही का?

आणि प्रत्येक वेळी हेच होतं. कार्ल लोरन्सने १९५० च्या दशकाच्या शेवटी तो छोटा हिरवा सोनारचा डबा काढला तेव्हाही लोक म्हणाले असतील की ही फसवणूक आहे. आज तुमच्या १७ फुटीवर साधा सोनार आहेच ना? २०११ मध्ये गंटर्सव्हिल लेकवर पॉल इलायसने अलाबामा रिगवर स्पर्धा जिंकली, एका दोरीला पाच ल्यूर, लगेच त्यावर बंदीची ओरड. जे नवीन ते वाईट.

फोर्क_२००३
साधा सोनार बोटीखाली काय आहे ते दाखवतो, मासा ल्यूरकडे बघतोय की नाही ते दाखवत नाही. फरक आहे. आणि अलाबामा रिगवर बी.ए.एस.एस. या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने आपल्या एलिट सिरीजमध्ये बंदी घातलीच होती, ती ओरड उगाच नव्हती. मेजर लीग फिशिंग या दुसऱ्या संस्थेने २०२५ मध्ये आपल्या बास प्रो टूर स्पर्धांत दिवसातल्या तीन पिरियडपैकी एकातच लाइव्हस्कोपसारखा समोर बघणारा सोनार वापरू दिला. ते सगळे म्हातारे आहेत का?

रॅम्पवरून_बघतो
तुम्ही दोघं पडद्यावर भांडताय, मला वेगळंच सांगायचंय. नवीन मुलं चार-पाच हजार डॉलरचा सोनार आणि लिथियम बॅटऱ्या घेतात आणि किल स्विचची दोरी (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) कमरेला लावत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना फेडरल कायदा आहे, पण कायदा सोडा. माझा मित्र ५५ मैलांच्या स्पीडने दुसऱ्या बोटीच्या लाटेवर आपटून बाहेर फेकला गेला. दोरी होती म्हणून इंजिन बंद पडलं. नसती तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर आली असती, असंच होतं. तो आज चालतोय ते त्या वीस डॉलरच्या दोरीमुळे. आणि कृपा करून रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) उतरल्यावर सामान भरत बसू नका, पार्किंगमध्ये भरा, मागे पंधरा गाड्या उभ्या असतात पहाटे पाचला.

देवगडची
मी हे सगळं नवऱ्यामुळे वाचते आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो तो आज विचारते. तुम्ही एवढं हजारो डॉलर, वह्या, पडदे करून मासा धरता आणि सोडून देता. कशाला? आमच्याकडे बाबा रात्री खाडीवर गरवायला जायचे, मिळालं ते सकाळी ताटात. मासा धरून, त्याच्या जबड्याला भोक पाडून, हवेत धरून फोटो काढून परत टाकायचा ही मला त्या जिवाची चेष्टा वाटते. खायचा नसेल तर धरू नका.

ल्यूरबॉक्स
ताई, इथे बास कोणी खात नाही. खायला कॅटफिश आहे, क्रॅपी आहे.

देवगडची
कोण खात नाही? मी खाते. मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याने आणलेले तीन, तिरफळं घालून आमटी केली. मांस पांढरं, घट्ट, काटे कमी. गोड्या पाण्याच्या माशाला जो मातीचा वास येतो तो हळद-मीठ-कोकमाच्या पाण्यात अर्धा तास ठेवला की जातो.

फोर्क_२००३
ताई, रागावू नका पण याला उत्तर देतो, कारण हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे. बी.ए.एस.एस. काढणाऱ्या रे स्कॉटने १९७२ मध्ये स्पर्धांमधून मासे जिवंत सोडायला लावले त्याच्या आधी वजन झालं की मासे मेलेलेच असायचे, ढिगाने. एक दहा पौंडांची मादी व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. ती खाल्ली की एक जेवण. सोडली की पुढच्या मार्चला परत अंडी. टेक्ससचं रेकॉर्ड १८.१८ पौंडांचं, जानेवारी १९९२, फोर्कवरचंच. १९८६ मध्ये याच फोर्कवर १७.६७ पौंडांची एथेल सापडली, ती जिवंत ठेवली आणि तिच्यापासूनच राज्याचा शेअरलंकर कार्यक्रम (लोकांनी दिलेल्या मोठ्या माद्यांपासून पिल्लं वाढवायचा) सुरू झाला. लोक जे धरतील ते घरी नेत असते तर आज तुमच्या नवऱ्याला तिथे काय मिळालं असतं?

देवगडची
मी दहा पौंडांची कुठे मागितली?

काठावरचा_ओंकार
देवगडची यांचं बरोबर आहे आणि हे इथे कोणी कबूल करत नाही. फोर्कचा नियम वाचा : १६ ते २४ इंचांमधला बास सोडायचाच, पण १६ किंवा त्याखालचे ठेवता येतात, दिवसाला पाच. हा नियम लहान मासे लोकांनी न्यावेत म्हणूनच तसा केलाय. लहान मासे फार झाले की खाणं पुरत नाही, सगळे बारा-तेरा इंचांवर अडकतात. आमच्या सबडिव्हिजनच्या तळ्यात हेच झालंय, एचओएने (घरमालकांच्या सोसायटीने) 'सोडणे सक्तीचे' अशी पाटी लावली आणि आता मोठं डोकं आणि बारीक अंग असलेले उपाशी मासे मिळतात. सोडणं म्हणजे पुण्य नाही. सगळेच सोडतात म्हणून नियम अर्धा कामच करत नाही.

फोर्क_२००३
तळ्याचं मान्य. फोर्कवर लहान मासे न्यावेत हेही कागदावर मान्य. पण एकदा 'न्या' म्हटलं की लोक मोजपट्टी काढत नाहीत हे मी रॅम्पवर बघितलंय.

देवगडची
म्हणजे नियम मोडणारे दुसरेच, आणि बोलणी आम्हाला. आमच्याकडचे लोक मासे खातात म्हणून ते लेक रिकामं करतील, हा सूर मला इथे नेहमी ऐकू येतो आणि त्याचा राग येतो. पहिल्या पावसात ओढ्याला मासा चढायचा तेव्हा आजोबा फक्त एक दिवस जायचे, दुसऱ्या दिवशी नाही. कोणी कायदा केला नव्हता. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावायचा नाही हेही आम्हाला कोणी पाटी लावून शिकवलं नाही. आणि तुम्ही सगळे मार्चमध्ये नेमके अंड्यांवर बसलेल्या माशालाच पडद्यावर शोधून त्रास देता आणि सोडला म्हणून स्वतःला चांगलं म्हणवता.

ल्यूरबॉक्स
अंड्यांवरचा मासा धरायला पडदा लागत नाही, दोन-तीन फूट पाण्यात पोलराइज्ड गॉगलने दिसतो. तो उद्योग जुनी मंडळीच जास्त करतात.

फोर्क_२००३
करतात. मीही करायचो. २०११ च्या मार्चमध्ये एका घरट्यावर दोन तास बसलो होतो, मादीच्या आशेने. मिळाला नर, दोन पौंडांचा. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. त्याचा फोटो काढला, वजन केलं, गळ आत गेला होता तो सोडवला, चार-पाच मिनिटं गेली असतील. खाली बघितलं तर घरट्यावर ब्लूगिल या लहान माशांचा घोळका, अंडी वेचून खात होते. नर सोडल्यावर तो तिथेच गेला, पण तोवर काही राहिलं नव्हतं. त्यानंतर पाणी ६२ च्या वर गेलं की मी घरट्यांच्या पॉकेटमध्ये जात नाही, बाहेरच्या पॉइंटवर (पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर) जिग टाकतो. आजोबांचा एक दिवस मला पटला, ताई. सोडणं पुरेसं नाही हे तुमचं म्हणणं मी त्या दिवशी शिकलो होतो, इथे लिहायला मात्र आवडत नाही.

ल्यूरबॉक्स
यातलं एकही वाक्य तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये नव्हतं. हे लिहिलं असतं तर मी भांडलो नसतो.

फोर्क_२००३
तुम्ही 'पुराण' लिहिलं नसतं तर मीही.

ल्यूरबॉक्स
ठीक. माझ्या पोस्टमधली 'ल्यूर कुठलाही चालतो' ही ओळ काढतो, कारण गेल्या जुलैत मी स्वतः तीन तास पस्तीस फुटांवर रिकामा पडदा बघत होतो आणि कारण आज तुमच्या त्या ऑक्सिजनच्या वाक्यामुळे कळलं. बाकी एक शब्द बदलणार नाही. ज्याला वेळ कमी त्याने सोनार घ्यावा.

फोर्क_२००३
नवीन माणसाने आधी तीस डॉलरचं लायसन्स, एक मीडियम-हेवी रॉड, लिपलेस, टेक्सस रिगचे वर्म (गळ आत लपवलेले मऊ प्लास्टिकचे किडे) आणि थर्मामीटर घ्यावा. एक वर्ष काठावरून फिरावं. मग सोनार. मीही एक शब्द बदलणार नाही. शनिवारी मी डेल क्रीकच्या तोंडाशी असेन, साडेसहाला. यायचं तर या, दोघं एकाच गवतावर टाकू, तुमच्या बोटीतून टाकू.

ल्यूरबॉक्स
बारापर्यंतच.

रॅम्पवरून_बघतो
दोरी लावा.

देवगडची
सोळा इंचांखालचे मिळाले तर बर्फात ठेवून आणा, सोडू नका. पाण्यावर डोकं-शेपूट कापू नका, मापाच्या नियमात बसत नाही ते. खवले मी काढीन.