आतला क्लास कोणाच्या पोटातला, हे टाइपला कळायला हवं की नको?

घोडबंदरकर

काल ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये ऑफिसातल्या मित्राशी यावरून जुंपली, स्टेशन आलं तरी मिटलं नाही म्हणून इथे टाकतोय. माझं म्हणणं सरळ आहे, प्रोग्रामिंगची भाषा जर क्लासच्या (ऑब्जेक्ट बनवायच्या साच्याच्या) आत क्लास लिहायला देत असेल तर तो नक्की कुठल्या ऑब्जेक्टच्या आतला हे टाइपमध्येच, म्हणजे कंपायलर प्रोग्राम चालण्याआधी जे तपासतो त्यातच, धरायला पाहिजे. नाहीतर सोय अर्धवट राहते.

आमचं काम हाउसिंग सोसायट्यांच्या बिलिंगचं. जावात सोसायटी हा क्लास, त्याच्या पोटात फ्लॅट आणि पार्किंग हे दोन इनर क्लास. एका बॅच जॉबमध्ये दोन सोसायट्या एकदम लोड व्हायच्या, लूपमध्ये कोणाच्या तरी हातून व्हेरिएबल चुकलं आणि कासारवडवलीच्या फ्लॅटला खारघरच्या सोसायटीचा स्लॉट चिकटला. दोन्हीकडे बी-१२ नावाचा स्लॉट, त्यामुळे लॉग वाचूनही कळेना. ज्या आजोबांकडे गाडीच नाही त्यांना तीन महिने पार्किंगचं बिल जात होतं, ते दर वेळी सोसायटी ऑफिसात जाऊन भांडून यायचे. कंपायलरने एकदाही हरकत घेतली नाही.

कारण जावात टाइप असतो सोसायटी-डॉट-पार्किंग, बस. कुठली सोसायटी ते त्यात नाहीच. आमच्या त्या स्लॉटला रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, ते माहीत होतं, कंपायलर आतल्या ऑब्जेक्टमध्ये बाहेरच्याचा छुपा रेफरन्स (त्याच्याकडे नेणारा दुवा) ठेवतो ना, धिस-डॉलर-शून्य, तोच. माहिती आहे, पण टाइप चेकरच्या हातात नाही. स्काला भाषेत कासारवडवली-डॉट-पार्किंग आणि खारघर-डॉट-पार्किंग हे दोन वेगळे टाइप, एकाच्या जागी दुसरा चालतच नाही, आणि कुठलाही चालणार असेल तर तसं मुद्दाम हॅश लावून, सोसायटी-हॅश-पार्किंग असं, लिहायचं. मला हे हवंय.

वाशी_बॅकएंड

भाऊ, हा बग टाइपचा नाहीच, डेटाबेसचा आहे. पार्किंग अलॉटमेंटच्या टेबलात सोसायटी आयडी आणि स्लॉट आयडी मिळून कॉम्पोझिट फॉरेन की (ही जोडी स्लॉटच्या टेबलात असलीच पाहिजे असा नियम) लावली असती तर पहिल्याच इन्सर्टला एरर आला असता, एका ओळीचं काम. स्लॉट शेवटी येतो कुठून, टेबलातून किंवा जेसन डेटामधून, तिथे कसला आलाय कासारवडवली-डॉट? दोन सोसायट्यांचे स्लॉट एका लिस्टमध्ये टाकले की तुमचा तो टाइप गेलाच. शिवाय व्हेरिएबल बदलणारं असलं तर स्काला त्याला पाथ, म्हणजे टाइपच्या आधी लावता येणारं नाव, मानतच नाही, मग सगळा कोड त्या हिशोबाने लिहा. उद्या नवीन मुलगा जॉइन झाला तर त्याला आधी हे शिकवत बसायचं का?

नौपाड्याची_अँड्रॉइडवाली

मी वाशीवाल्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. इनर क्लासमुळे आम्ही किती भोगलंय ते विचारू नका. अँड्रॉइडच्या ॲक्टिव्हिटीच्या (एका स्क्रीनच्या क्लासच्या) आत हँडलर (मेसेज हाताळणारा क्लास) लिहिला, त्याला उशिराचा मेसेज दिला, स्क्रीन बंद झाली तरी तो छुपा रेफरन्स अख्खी ॲक्टिव्हिटी धरून बसतो, मेमरी लीक, म्हणजे मेमरी सुटतच नाही. कोटलिन भाषेने उलटं केलं, नुसतं आत लिहिलं तर बाहेरच्याशी संबंध नाही, हवा असेल तर इनर असं लिहायचं. सी-शार्पमध्ये तर असा रेफरन्स आपोआप मिळतच नाही. जावा १८ पासून जावासी हा जावाचा कंपायलरसुद्धा वापर नसेल तर शक्यतो ते छुपं फील्ड गाळतो. सगळे यातून बाहेर पडतायत आणि तुम्ही अजून खोल जायला सांगताय!

घोडबंदरकर

रेफरन्स बाळगणं वेगळं आणि टाइपमध्ये नातं लिहिणं वेगळं, ताई. तुमचा लीक पहिल्याचा. कोटलिनमध्ये इनर लिहिलंत तरी दोन सोसायट्यांच्या पार्किंगचा टाइप एकच राहतो, म्हणजे रेफरन्सचं ओझं उचलायचं आणि बदल्यात तपासणी काहीच नाही, जावासारखंच.

नेरुळचे_सर

मी कंपायलर शिकवतो, थोडं मागचं सांगतो. क्लासच्या आत क्लास हे सिम्युला ६७ पासूनचं आहे. बीटा भाषेने पुढे व्हर्च्युअल क्लास आणले, म्हणजे मेथड (क्लासमधलं फंक्शन) जशी उपवर्गात ओव्हरराइड होते, नव्याने लिहिता येते, तसा आतला क्लासही उपवर्गात पुढे वाढवता येतो. १९८९ मध्ये मॅडसन आणि मोलर-पेडरसन यांनी त्यावर पेपर लिहिला, पण तिथे काही तपासण्या रनटाइमवर सोडाव्या लागत होत्या. २००१ मध्ये एरिक अर्न्स्टने फॅमिली पॉलिमॉर्फिझम मांडलं, घोडबंदरकर जे मागतायत तेच, एका कुटुंबातला सदस्य दुसऱ्या कुटुंबात मिसळू द्यायचा नाही. २००६ मध्ये अर्न्स्ट, ऑस्टरमन आणि कुक यांनी त्याचं कॅल्क्युलस (छोटं गणिती मॉडेल) केलं, साउंडनेसच्या, म्हणजे टाइपने दिलेलं वचन मोडत नाही याच्या, सिद्धतेसकट.

जावाच्या इनर क्लासचं फॉर्मल मॉडेल इगाराशी आणि पियर्स यांनी २००० मध्ये केलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं, कारण नेस्टिंग (क्लासच्या आत क्लास) आणि इनहेरिटन्स (वारसा) एकत्र आले की नाव शोधायचं कुठे हाच मोठा गुंता आहे. समजा सोसायटीत दंड नावाची मेथड आहे आणि आतला पार्किंग क्लास तिला हाक मारतो. पार्किंग एका लायब्ररीतल्या क्लासला एक्स्टेंड करतो, त्या क्लासमध्ये आज दंड नाही. उद्या लायब्ररीवाल्यांनी त्याच नावाची मेथड घातली तर तुमची तीच ओळ, एक अक्षर न बदलता, नव्याने कंपाइल केल्यावर तिकडे जाईल, कारण जावा आधी वारशात बघतो आणि मग बाहेरच्या क्लासमध्ये. न्यूस्पीक भाषेत क्रम उलटा, आधी बाहेर, मग वारसा. नियम कागदावर काटेकोर मांडायला बसलं की असला निर्णय लपून राहत नाही, म्हणून मी फॉर्मल टाइप सिस्टिमच्या बाजूने आहे.

वाशी_बॅकएंड

सर, मानलं, पण सिद्धता किती उशिरा आली ते पण सांगा ना. स्काला २००४ पासून लोक वापरतायत, त्याच्या गाभ्याचं डॉट कॅल्क्युलस साउंड असल्याचं २०१६ ला सिद्ध झालं, आणि त्याच वर्षी अमीन आणि टेट यांनी दाखवलं की जावा आणि स्काला दोन्हींत नलच्या (रिकाम्या मूल्याच्या) आडून, कास्ट (टाइप जबरदस्तीने बदलणं) न लिहिताही क्लासकास्ट एक्सेप्शन (चालताना टाइप न जुळल्याची एरर) काढता येतं. मग एवढ्या तपश्चर्येचा उपयोग काय झाला?

नेरुळचे_सर

उपयोग झाला तो हाच. टाइप काय वचन देतो ते नेमकं लिहिलेलं होतं म्हणून नलमुळे ते कुठे मोडतं हे बोट ठेवून दाखवता आलं. स्काला ३ मध्ये ॲबस्ट्रॅक्ट (नेमका न ठरवलेल्या) टाइपवर हॅश लावायला बंदी केली तीही साउंड नव्हतं म्हणूनच. आणि तो नलवाला कोड मुद्दाम रचावा लागतो, बी-१२ वाली चूक कोणाच्याही हातून सहज होते.

घोडबंदरकर

वाशीवाल्यांची फॉरेन की मी लावून टाकली, ती हवीच, आधी नव्हती ही आमची चूक. पण ती एरर देते रात्री दोनला, बॅच चालू असताना. शनिवारी अलॉटमेंटचा भाग स्काला ३ मध्ये लिहून बघितला. लिस्टचं म्हणाल तर स्लॉट लोड करणारी मेथड सोसायटीच्या आतच ठेवली, ती त्याच सोसायटीच्या पार्किंगची लिस्ट देते. अलॉट करणारं फंक्शन आधी सोसायटी घेतं, मग तिचाच फ्लॅट आणि तिचंच पार्किंग. जुनी चूक मुद्दाम परत केली तर कंपायलर म्हणाला, मिळालं खारघर-डॉट-पार्किंग, हवं होतं कासारवडवली-डॉट-पार्किंग. हे वाचायला नवीन मुलाला काय शिकवावं लागणार आहे?

वाशी_बॅकएंड

मेसेज चांगला आहे, मान्य. पण तीच सोसायटी दोन रिक्वेस्टमध्ये दोनदा लोड झाली तर? आयडी एकच, पण ऑब्जेक्ट दोन, म्हणजे टाइपही दोन. तिथे तुम्ही कास्टच मारणार.

घोडबंदरकर

हो, तिथे अडलो. एक जागा ठेवलीये, आयडी सारखे आहेत का बघायचं आणि मगच बदलून द्यायचं, कास्ट फक्त त्या एका फंक्शनमध्ये. आधी अशी तपासणी प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहावी लागायची आणि बॅच जॉबमध्ये ती राहून गेली होती.