मदत हवी आहे: एकच तक्रार दोन खात्यांची असेल तर मॉडेलने काय करायचं?

पायवाट:
नगरपालिकेकडे येणाऱ्या मराठी तक्रारी वाचून योग्य खात्याकडे पाठवणारं मॉडेल करतोय. म्युरिल (भारतीय भाषांसाठीचं गूगलचं तयार मॉडेल) आमच्या तक्रारींवर फाइन-ट्यून केलं, म्हणजे पुढे शिकवलं. अचूकता 71 टक्क्यांवर अडकली आहे. लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) बदलला, इपॉक (डेटावरच्या फेऱ्या) वाढवले, ढिम्म फरक नाही. शुक्रवारी दाखवायचंय. कृपया लवकर सांगा.

घाटमाथा:
डेटा किती? खाती किती? लेबलं (कोणती तक्रार कोणत्या खात्याची) कोणी लावली? चुकलेल्या तक्रारी इथे डकवा, त्याशिवाय काय सांगणार?

उनाडपाऊस:
म्युरिल सोडा. टीएफ-आयडीएफ (शब्दांना वजन देणारी मोजणी) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (साधं वर्गीकरण मॉडेल) लावा, आमच्याकडे ग्राहकांच्या ईमेलसाठी चार वर्षं तेच चालू आहे. फक्त शब्द नको, 3 ते 5 अक्षरांचे एन-ग्रॅम (सलग अक्षरांचे तुकडे) घ्या. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीचा मजकुराचे शब्द पाडायचा डीफॉल्ट टोकन पॅटर्न देवनागरी शब्द काना-मात्रांपाशी तोडतो. मी यात दोन आठवडे घालवलेत.

पायवाट:
साडेपाच हजार तक्रारी, 6 खाती. ज्या खात्याने तक्रार बंद केली तेच लेबल. चुकलेल्या अशा:
'पाइप फुटून रस्ता खचला': मॉडेल म्हणतं रस्ते, लेबल पाणीपुरवठा.
'गटारात कचरा अडकून पाणी घरात': मॉडेल म्हणतं घनकचरा, लेबल ड्रेनेज.

नीरक्षीर:
अहो, यात मॉडेल चुकलंय कुठे? दोन्ही खात्यांचं काम आहे. मॉडेलच्या शेवटी सॉफ्टमॅक्स हे सूत्र असतं, त्यात सगळ्या संभाव्यतांची बेरीज 1, त्यामुळे एका खात्याला वाढलं की दुसऱ्याचं घटणारच. त्याऐवजी सिग्मॉइड (प्रत्येक खात्याला 0 ते 1 मधली स्वतंत्र संभाव्यता) आणि बायनरी क्रॉस-एन्ट्रॉपी (प्रत्येक खात्याची हो-नाही चूक मोजणारं सूत्र) लावा, प्रत्येक खात्याचा निर्णय वेगळा होईल.

घाटमाथा:
नुसत्या सिग्मॉइडने काय होणार? डेटात प्रत्येक तक्रारीला एकच खातं आहे, दुसऱ्याच्या रकान्यात शून्य. मॉडेल ते शून्यच शिकेल. आधी 200 तक्रारी दोघांनी एकमेकांना न विचारता वाचा, एकाहून जास्त खाती लिहायची मुभा ठेवा. मग खातेनिहाय कोहेनचा कॅपा (योगायोग वगळून दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा) काढा. माणसांचंच एकमत होत नसेल तर 71 टक्क्यांच्या पुढे जायच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

नीरक्षीर:
लेबलांचं मान्य. पण शुक्रवारपर्यंत? तोवर पहिली दोन खाती दाखवा, दोघांत फरक थोडा असेल तर तक्रार माणसाकडे जाऊ द्या.

सोनचाफा:
अवांतर: गटाराची तक्रार ऑनलाइन करूच नका. वॉर्ड ऑफिसात लेखी द्या आणि पोच घ्या. आमची तीन खात्यांत फिरली, पोच होती म्हणून काम झालं.

पायवाट:
सोनचाफा, यावरून आठवलं, नोंदीत 'हस्तांतरित' असा रकाना आहे. मी तो बिनकामाचा समजून काढून टाकला होता. आत्ता पाहिलं, नऊशेच्या वर तक्रारी एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेल्यात. त्यांना दोन्ही लेबलं देऊ?

घाटमाथा:
हे आधी सांगायचं ना! सरसकट देऊ नका. पन्नास वाचून बघा. चुकीच्या टेबलावर गेली म्हणून हलवलेली तक्रार दोन्ही खात्यांची नसते.