छोट्या देशाला लांबलेलं युद्ध परवडत नाही: १९६७चा इस्रायल

रानवाटा

१९६७च्या अरब-इस्रायल युद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, 'काय ते शौर्य!' आणि दुसरा, 'अमेरिका पाठीशी होती म्हणून जमलं.' मला दोन्ही अपुरे वाटतात. जेमतेम सत्तावीस लाख वस्तीचा तो देश सहा दिवसांत जिंकला, कारण त्याला त्याहून फार जास्त दिवस परवडणारच नव्हते. हे त्याच्या सेनापतींनी काही वर्षं आधी ओळखलं आणि सगळं सैन्य या एका अडचणीभोवती उभं केलं. माझा मुद्दा एवढाच आहे, पण तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

मे १९६७ मध्ये इजिप्तचा अध्यक्ष नासर याने इस्रायलला लागून असलेल्या सिनाईच्या वाळवंटात फौज उतरवली, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला निघून जायला सांगितलं आणि तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद केली. इस्रायलने राखीव सैन्य बोलावलं. राखीव म्हणजे कोण, तर ड्रायव्हर, मास्तर, फिटर, शेतकरी. ही माणसं सीमेवर गेली की कारखाने थंडावतात, शेतं उभी राहतात, शहरातल्या बस लष्कराकडे जातात. असा देश दोन-तीन महिने नुसता सीमेवर उभा राहिला तरी न लढताच खचेल.

म्हणून पहिल्या काही तासांवर सगळा भर. ५ जूनला सकाळी पावणेआठला, कैरोच्या घड्याळात पावणेनऊला, इस्रायली विमानं इजिप्तच्या तळांवर पोचली. ती वेळही निवडलेली होती. पहाटेची गस्त उतरलेली, वैमानिक न्याहारीला बसलेले, वरिष्ठ अधिकारी घरून कचेरीच्या वाटेवर, नाईलच्या खोऱ्यातलं धुकं विरलेलं. जवळपास दोनशे लढाऊ विमानांपैकी देशाच्या राखणीला मागे ठेवली फक्त बारा. बाकीची रेडिओ बंद ठेवून भूमध्य समुद्रावरून अगदी खालून गेली. आधी धावपट्ट्यांवर, जमिनीत घुसून मग फुटणारे खास बॉम्ब टाकले आणि मग उघड्यावर उभ्या असलेल्या विमानांचा फडशा पाडला. दुपारपर्यंत इजिप्तची सुमारे तीनशे विमानं गेली होती. सीरिया आणि जॉर्डनच्या हवाई दलांचा नंबर त्याच दिवशी लागला.

पण मला या सगळ्यात वैमानिकांपेक्षा जमिनीवरची माणसं मोठी वाटतात. परत आलेल्या विमानात इंधन भरायचं, बॉम्ब लावायचे, तोफांच्या गोळ्या भरायच्या आणि सात ते दहा मिनिटांत ते पुन्हा आकाशात पाठवायचं! याचा त्यांनी वर्षानुवर्षं सराव केला होता. एकेक विमान दिवसात तीन-चार वेळा जात होतं. नासर आणि जॉर्डनचे राजे हुसेन यांनी तेव्हा अमेरिका-ब्रिटनची विमानंही हल्ल्यात असल्याचा आरोप केला. एकट्या इस्रायलची एवढी उड्डाणं त्यांच्या हिशेबात बसतच नव्हती.

भीमथडी

पूर्ण असहमत. हे युद्ध इस्रायलने जिंकण्यापेक्षा इजिप्तने हरलं, असं माझं मत आहे.

आधी 'छोटा देश' हे बाजूला ठेवू. वस्ती लहान होती, सैन्य लहान नव्हतं. इस्रायलने अडीच लाखांहून जास्त माणसं उभी केली होती. सिनाईत इजिप्तचे सुमारे एक लाख. नासरचे अनुभवी सैनिक हजारोंच्या संख्येने तेव्हा येमेनच्या यादवीत अडकले होते. अमेरिकी गुप्तचरांनी अध्यक्ष जॉन्सनला आधीच सांगितलं होतं की सगळ्या आघाड्यांवर लढावं लागलं तरी इस्रायल आठवड्याभरात जिंकेल.

आता चुका बघा. हल्ला येणार हे नासरला कळत होतं. २ जूनला त्याने आपल्या सेनापतींना सांगितलं की पहिला घाव हवाई असेल आणि तो काही दिवसांतच पडेल. तरीही विमानं उघड्यावर, रांगेत. ५ तारखेला सकाळी सरसेनापती आमेर स्वतः विमानातून सिनाईकडे निघाला होता, म्हणून विमानविरोधी तोफांना गोळीबार न करण्याची सूचना होती. जॉर्डनमधल्या अजलूनच्या रडारने इस्रायली विमानं पाहिली, कैरोला इशारा दिला. पण इजिप्तने सांकेतिक लिपी नुकतीच बदललेली, त्यामुळे तो वाचताच आला नाही. पुढे ६ जूनला आमेरने सगळ्या सिनाईतून माघारीचा हुकूम दिला. तोवर सैन्याचा मोठा भाग लढलेलाही नव्हता. हजारो सैनिक वाळवंटात पाण्यावाचून मेले.

एवढ्या चुका वजा केल्या तर तुमच्या त्या दहा मिनिटांच्या सरावातून काय उरतं?

तिफण

भीमथडींच्या बाजूने एक उदाहरण, आपल्या घरचं.

पाकिस्तानने ३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी इस्रायलसारखाच डाव टाकला. पठाणकोट, अमृतसर, अंबाला, थेट आग्र्यापर्यंत हल्ले केले. निष्पन्न काय झालं? जवळजवळ काहीच नाही. १९६५ मध्ये पठाणकोटला उघड्यावरची विमानं गमावल्यावर आपल्या हवाई दलाने धडा घेतला होता. विमानं काँक्रीटच्या निवाऱ्यांत होती. धावपट्ट्यांवर पडलेले खड्डे बुजवून दुसऱ्या दिवशी उड्डाणं सुरूही झाली. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दामने इराणवर तेच केलं. त्याचीही तीच गत झाली आणि दुसऱ्याच दिवशी इराणची शंभराहून जास्त विमानं इराकवर आली.

म्हणजे डाव तोच. तो चालेल की नाही हे समोरचा ठरवतो.

रानवाटा

तिफण, उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. पाकिस्तानने त्या संध्याकाळी पाठवलेली विमानं मोजकी होती. इस्रायलने बारा सोडून सगळी पाठवली आणि तीच पुन्हापुन्हा पाठवली. पाकिस्तानने डाव उचलला, त्यामागची मेहनत उचलली नाही. यंत्रांचाही फरक नव्हता. इस्रायलने त्या दिवशी वापरलेली फ्रेंच मिस्टेअर आणि उरागाँ ही विमानं आपल्याकडेही होती; उरागाँला आपण 'तूफानी' म्हणायचो. आणि आपण काय केलं तेही आठवा. डिसेंबर ७१ मध्ये आपल्या मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव तळाची धावपट्टी फोडली, दुरुस्त होऊ लागली की परत फोडली. दोन-तीन दिवसांत पूर्वेकडचं पाकिस्तानी हवाई दल जमिनीला खिळलं. धीर धरून, नेमून, पुन्हापुन्हा. तिथे डाव चालला.

भीमथडी, तुम्ही इजिप्तच्या चुका मोजल्यात. मग मी जिथे इजिप्तने चूक केली नव्हती ती जागा सांगतो: अबू अगेला. सिनाईच्या मधल्या रस्त्यावरचं ठाणं. समोर सुरुंग, मागे एकामागे एक तीन खंदक, दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या, पाठीशी डझनावारी तोफा आणि रणगाडे. सोव्हिएत पद्धतीने नीट बांधलेलं. १९५६च्या युद्धात याच ठिकाणी इस्रायली फौज अडखळली होती, खूप माणसं गमावली होती.

अकरा वर्षांनी इस्रायली जनरल शेरॉनची डिव्हिजन तिथे ५ जूनच्या रात्री लढली. पायदळाला शहरातल्या साध्या बसमधून आणलं आणि बस रुतायला लागल्या तिथून ते वाळू तुडवत चालत गेलं, ज्या टेकड्या इजिप्शियनांनी दुर्गम मानल्या होत्या त्यांच्यावरून. छत्रीधारी सैनिक हेलिकॉप्टरने मागे उतरले आणि तोफांवर तुटून पडले. रणगाड्यांची एक तुकडी उत्तरेकडून वळसा घालून पिछाडीला गेली. अंधारात खंदकाखंदकांतून लढताना आपलीच माणसं आपल्या गोळीला बळी पडू नयेत म्हणून तीन बटालियनना तीन रंगांचे दिवे दिले होते. सकाळपर्यंत ठाणं पडलं. इथे कुणी न्याहारीला बसलं नव्हतं, कुणाचा सरसेनापती आकाशात नव्हता. आमेरचा माघारीचा हुकूम ठाण्याच्या पाडावानंतरचा आहे, आधीचा नाही, हे विसरू नका.

भीमथडी

अबू अगेला मान्य, ती लढाई सुंदर आखलेली होती. पण तिथेही इजिप्तचे राखीव रणगाडे रात्रभर जागचे हलले नाहीत. वरून हुकूम नाही म्हणून खालचा अधिकारी गप्प. जो मित्र म्हणून वर चढला त्याला सरसेनापती केलं की हे होतं. आमेर हा लढवय्या म्हणून नव्हे, नासरचा विश्वासू म्हणून त्या खुर्चीवर होता. छोट्या देशाने जिंकायचं असेल तर मोठ्या देशाच्या लष्करात राजकारण शिरलेलं असावं लागतं, एवढंच मी म्हणतोय.

अश्दोदकर

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आजोळ अलिबागकडचं, आईवडील साठच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे इस्रायलला आले, घरात अजून मराठी आहे. म्हणून लिहितेय.

भीमथडी, अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आमच्या वस्तीत तो कुणालाच माहीत नव्हता. आई सांगायची, युद्धाआधीचे ते तीन आठवडे युद्धाच्या सहा दिवसांपेक्षा अवघड होते. वडील बोलावणं येऊन गेलेले. शाळेची मुलं वाळूच्या गोण्या भरत होती, टपाल वाटत होती. तेल अवीवच्या बागा दफनभूमीसाठी राखून ठेवल्या होत्या. कैरो रेडिओवर रोज धमक्या. ज्यांनी युरोपातल्या छावण्यांतून जीव वाचवला होता असे शेजारी रात्री झोपत नसत.

कोकणात आमच्या लोकांना कधी कुणी त्रास दिला नाही, त्यामुळे ही भीती आईला नवीन होती. ती म्हणायची, इथे येऊन पहिल्यांदा कळलं की शेजारच्या बाई एवढ्या का घाबरतात. रानवाटांनी लिहिलंय तो हिशेब बरोबर आहे, फक्त हिशेब करणाऱ्यांच्या पोटातही गोळा होता.

माजघर

अश्दोदकर, तुमच्या आईच्या भीतीबद्दल आदर आहे. पण त्या आठवड्यात आणखीही घरं होती, त्यांच्याबद्दल या धाग्यावर एक ओळ नाही.

गाझामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत आपले भारतीय जवान होते. त्या सेनेचे प्रमुखही भारतीय, मेजर जनरल इंदरजित रिखी. त्यांना परत आणण्याआधीच युद्ध सुरू झालं आणि इस्रायली माऱ्यात आपले जवान मारले गेले. इंदिरा गांधींनी संसदेत निषेध केला. ते कुणाशी लढायला गेले नव्हते. इस्रायलने या युद्धात घेतलेल्या पश्चिम किनारा आणि गाझातून सुमारे तीन लाख पॅलेस्टिनी परागंदा झाले. त्यांतले कितीतरी १९४८ मध्ये एकदा घर सोडून आलेले होते. जे राहिले ते परक्या लष्कराखाली गेले.

आणि निकाल कसला लागला? काही महिन्यांत सुएझ कालव्यावर तोफा सुरू झाल्या, त्या १९७० पर्यंत धडधडत राहिल्या. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तने कालवा ओलांडला आणि अडीच हजारांवर इस्रायली मेले, १९६७च्या तिपटीच्या आसपास. जी लढाई तीनच वर्षं नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते तिला सहा दिवसांची म्हणायचं धाडस मला होत नाही.

रानवाटा

माजघर, भारतीय जवानांचं तुम्ही लिहिलंत ते मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं असं कुणीही म्हणेल, पण माझा प्रश्न वेगळा होता: सैन्य कसं जिंकतं. सैन्याला दिलेलं काम होतं, इजिप्तचा वेढा मोडायचा आणि पुन्हा हल्ला करण्याची ताकद काढून घ्यायची. ते त्याने केलं. त्यानंतरचं काम सैन्याचं नव्हतं, मंत्रिमंडळाचं होतं.

आणि विजयातून काहीच मिळालं नाही असंही नाही. १९७९चा इजिप्तशी तह सिनाईच्या बदल्यात झाला. एप्रिल १९८२ मध्ये सिनाई जवळजवळ पूर्ण परत गेला. हातात सिनाईच नसता तर नासरनंतरच्या सादातला बोलायला कारण काय होतं? त्या दोन देशांत त्यानंतर एकही युद्ध झालेलं नाही.

तिफण

सादात बोलायला आला तो १९६७ मुळे नाही, १९७३ मुळे. हरलेल्या इजिप्तने सहा वर्षांत जे केलं ते जिंकणाऱ्याने केलं नाही. शेकडो काँक्रीटचे निवारे बांधले, कालव्याकाठी क्षेपणास्त्रांचं छत्र उभारलं, पाण्याच्या फवाऱ्याने वाळूचे बांध फोडायचा सराव केला. इस्रायल मात्र १९६७च्या हवाई दलावर आणि रणगाड्यांवर विसंबून राहिला. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याची विमानं त्या छत्राखाली पडत होती. रानवाटा, तुम्ही ज्या तयारीचं कौतुक करताय ती तयारी १९७३ मध्ये सुएझच्या पलीकडच्या काठावर होती.

रानवाटा

हे शंभर टक्के खरं, आणि माझं म्हणणं त्याने पक्कंच होतं: ज्याने सराव केला त्याने पहिले दिवस जिंकले.

माजघर

मंत्रिमंडळाचं काम म्हणालात म्हणून सांगते. १९ जून १९६७ ला, युद्धबंदीनंतर नऊच दिवसांनी, पंतप्रधान एश्कोल यांच्या मंत्रिमंडळाने गुप्तपणे ठरवलं होतं की तह झाला तर सिनाई इजिप्तला आणि युद्धात घेतलेलं गोलानचं पठार सीरियाला परत द्यायचं. पश्चिम किनाऱ्याबद्दल मात्र त्यांचं एकमत झालं नाही आणि तो प्रश्न पुढे ढकलला. १ सप्टेंबरला सुदानच्या खार्टूममध्ये अरब देशांनी तह, मान्यता आणि वाटाघाटी तिन्हींना नकार दिला. सैन्याने सहा दिवसांत जे मिळवलं त्याचं काय करायचं हे त्या खोलीत ठरलं नाही, आणि पश्चिम किनाऱ्यापुरतं ते आजही ठरलेलं नाही.